ओटीपी सांगा, तक्रार बंद करतो

'नेट स्लो आहे.' हे तीन शब्द ऐकले की माझ्या कानशिलावरची शीर उडायला लागते. तसा मी शांत माणूस आहे, असं माझी बायको चारचौघांत सांगते आणि घरी आल्यावर म्हणते, "शांत कुठले, घाबरट आहात तुम्ही." दोन्ही खरं असावं. राग मला भरपूर येतो, पण तो नेमका गाडीवर बसल्यावर येतो. समोर ऐकायला कुणी नसतं तेव्हा. दिवाळी अंकासाठी 'कामातले अनुभव लिहा' असं सांगण्यात आलं तेव्हा म्हटलं, चला, वीस-बावीस वर्षांचा गाडीवरचा राग एकदाचा कागदावर उतरवू.

आधी मी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचो. मग केबलवाल्यांचे दिवस सरले आणि त्याच खांबांवरून, त्याच गच्च्यांवरून, जवळपास त्याच शिव्या खात मी इंटरनेटच्या वायरी ओढायला लागलो. आता केस पांढरे झाल्यामुळं खांबावर चढवत नाहीत, घरोघर तक्रारी बघायला पाठवतात. डॉक्टरकडं आजारी माणूस स्वतःच्या पायानं जातो. आमच्या धंद्यात आम्ही जातो, चपला दाराशी काढतो आणि थेट घरात शिरतो. त्यामुळं संभाजीनगरातल्या माणसांची घरं मी जेवढी आतून पाहिली आहेत, तेवढी त्यांच्या सख्ख्या व्याह्यांनीही पाहिली नसतील.

राऊटर म्हणजे तो दिवे लुकलुकणारा डबा. तो लोक कुठं ठेवतील याला धरबंद नाही. काही घरांत त्याला क्रोशाचं झाकण असतं, फ्रिजच्या झाकणाशी जुळणारं. गुलमंडीतल्या एका कापडवाल्या शेठनं तो लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप घातलं होतं. म्हटलं, "शेठ, लोखंडातून वायफाय बाहेर येत नाही." तर म्हणाले, "अरे, कपाट में मोबाईल रखा तो घंटी बजती ना? फिर?" मी अर्धा तास समजावलं. शेठनं शेवटी कपाटाचं दार वीतभर उघडं ठेवायचं कबूल केलं, तेही दुकानात नोकर असताना नाही.

तर हा धंदा थोडक्यात सांगतो. तुमच्या घरापर्यंत केसासारख्या बारीक काचेच्या तारेतून नेट येतं. ते आधी डब्यात उतरतं. डब्यापासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत ते हवेतून जातं. तारेत बिघाड झाला की डब्यावर लाल दिवा लागतो, तो कंपनीचा दोष. हवेत बिघाड झाला की दिवा लागत नाही, आणि तो कुणाचाच दोष नसतो. योजना विकायला येणारी पोरं टाय लावून सांगतात, "काकू, घराच्या कानाकोपऱ्यात शंभरचा स्पीड." ती पोरं पुन्हा त्या गल्लीत दिसत नाहीत. कोपऱ्यातल्या शिव्या खायला मी जातो.

तपासायची आमची रीतही ठरलेली. लॅपटॉप काढायचा, वायरीनं डब्याला जोडायचा, स्पीड मोजायचा. शंभरच्या योजनेला पंच्याण्णव आलं की त्याचा फोटो ॲपवर चढवायचा. मग ग्राहकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. "ताई, ओटीपी सांगा, तक्रार बंद करतो." त्यांनी चार आकडे सांगितले की तक्रार बंद. न सांगितले तर ॲपमधलं घड्याळ चालूच राहतं, ठरलेले तास उलटले की लाल होतं आणि साहेबांचा फोन येतो. त्या ओटीपीबरोबर इंग्रजीत एक ओळ येते : माझी तक्रार समाधानकारकरीत्या सुटली आहे. ती कुणी वाचत नाही. मीही कधी वाचली नव्हती.

आता पुंडलिकनगरचं सांगतो. सांगायचं मुळात तेवढंच आहे.

घर साधं, लांबट. पुढं हॉल, मागं एक खोली, मधे दोन्ही जोडणारा अरुंद बोळ. हॉलमध्ये टीव्हीशेजारी राऊटर. मागच्या खोलीत वैशालीताई काम करायच्या. तिशीतल्या बाई. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून ग्राहकांचे फोन घ्यायच्या. ते फोन नेटवरून यायचे, कानाला मोठा हेडफोन. नवरा वाळूजच्या कंपनीत पाळीवर. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना मी मावशी म्हणायचो आणि त्या मला 'नेटवाले भाऊ'.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो : आठवड्यातून एकदा आलं तरी आम्ही हसतो. पाहुण्यांनी कधी यायचं, घरात पूजा कधी ठेवायची, गोधड्या कधी धुवायच्या, सगळं पाण्याच्या दिवसावर ठरतं. त्यामुळं घराघरांत साठवण. मावशींच्या बोळात लोखंडी अँगलची दुमजली मांडणी होती, खाली चार निळी पिंपं आणि वर चार. वरच्या पिंपांची तोंडं माझ्या डोक्याच्याही वर. पाठीवरची बॅग सांभाळत तिथून आडवं होऊन जावं लागायचं. अशी पिंपं मी रोज दहा घरांत बघतो. बघतो म्हणजे, त्यांना बॅग लागू नये एवढंच बघतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा हॉलमध्ये लॅपटॉप जोडला. पंच्याण्णव.

"काका, इथं नाही हो," वैशालीताई म्हणाल्या. "माझ्या खोलीत येऊन बघा ना. तिथं दोनसुद्धा येत नाही. समोरच्याला माझा आवाज तुटक ऐकू येतो."

मी बोळात डोकावलो. मावशी नुकतंच पाणी भरून फरशी पुसत होत्या. त्यांनी माझ्या मोज्यांकडं असं पाहिलं की मी तिथंच थांबलो.

"ताई, असं बघा," मी म्हटलं, "टाकी भरलेली आहे, पाईप मोठा आहे. हॉलच्या नळाला धो धो पाणी येतंय म्हटल्यावर मागच्या नळालाही येणारच की." नेट समजावताना मी कायम पाण्याचंच उदाहरण देतो. लोकांना पटकन कळतं. "ओटीपी सांगा."

त्यांनी सांगितला.

आठवड्याभरानं पुन्हा तक्रार. या वेळी शहागंजकडं कुणीतरी रस्ता खोदताना आमची मुख्य तार तोडली होती. सगळे तिकडं अडकलो आणि मला पुंडलिकनगरला जायला चार दिवस लागले. या वेळी मात्र इमानदारीत मागच्या खोलीत गेलो. स्पीड मोजला. ऐंशी.

"बघा ताई."

"आत्ता येतंय काका. परवा येत नव्हतं, शप्पथ."

"परवाचं नेट मी आज कसं तपासू?"

हे वाक्य मला फार आवडलं होतं. संध्याकाळी टपरीवर ते आमच्या माणसांना ऐकवलंही. तार जोडणारा फेरोजभाई एवढा हसला की चहा सांडला. "क्या बोला मामू! कल का नेट आज कैसा!" मी अजून एक कटिंग सांगितला. ॲपमध्ये दोषाची जी यादी येते, तीतलं 'ग्राहकाच्या उपकरणात दोष' हे निवडून टाकलं. ओटीपी घेतलेलाच होता.

घरी जेवताना बायकोलाही सांगितलं. रेखा, माझी बायको, पोळ्या करता करता ऐकत होती.

"अहो, पण ती बाई खोटं कशाला बोलेल? तिला काय तुमचं तोंड बघायची हौस आहे का?"

"काही लोकांना सवयच असते."

"आपल्या बेडरूममध्येही नेट येत नाही. मलाही सवयच आहे का?"

"आपलं राऊटरला व्यवस्थित येतं."

"मग राऊटरलाच सांगा पोळ्या करायला."

तिसऱ्या वेळीही तसंच झालं. गेलो चार-पाच दिवस उशिरा, नेट बरं चाललेलं. उगाच काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून राऊटरच्या सेटिंग बदलल्या आणि मोठ्या भावाच्या थाटात म्हणालो, "ताई, लॅपटॉप बदला आता. नेटला दोष नाही." त्यांनी लॅपटॉप बदलला. भावाचा मागून आणला. हे मला पुढच्या वेळी कळलं.

पुढच्या वेळी तक्रारीचा आकडा ॲपवर आला तेव्हा मी त्यांच्याच गल्लीत, दोन घरं सोडून, एका खिडकीतून तार ओढत होतो. म्हणून त्याच दिवशी, तासाभरात गेलो. हॉलमध्ये बसलो, लॅपटॉप जोडला. पंच्याण्णव. फोटो काढला.

वैशालीताई बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. हेडफोन गळ्यात.

"ताई, ओटीपी..."

"नाही देणार."

"तसं नाही ताई, ते घड्याळ..."

"काका, मी दिवसभर काय करते माहितीय? हेच करते. लोकांच्या तक्रारी बंद करते. 'तुमचं समाधान झालं का' विचारते आणि हो म्हणवून घेते. मला कळतं तुम्ही काय करताय ते." आवाज चढलेला नव्हता. त्या फोनवर बोलायच्या त्याच आवाजात बोलत होत्या, म्हणून जास्त लागलं. "आमच्या कंपनीनं मला शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. म्हणतात, नेटचा दोष असेल तर नेटवाल्यांचं तसं पत्र आणा. मी तुमच्या ऑफिसला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, 'मॅडम, तुमच्या तिन्ही तक्रारी सुटल्यात, तुम्हीच तीनदा ओटीपी देऊन समाधान कळवलंय. आणि दोष तुमच्या लॅपटॉपचा आहे.' हे कुणी लिहिलं, काका?"

मी लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत राहिलो. पंच्याण्णव.

"पत्र मिळालं नाही तर शुक्रवारी नोकरी जाईल. घरात हे म्हणतात, नेट नीट आहे, तुलाच काम जमत नाही. माझं ऐकेल असं माणूस राहिलं नाही."

तेवढ्यात बोळातून मावशी बोलल्या. हातात नळी होती. वरच्या शेवटच्या पिंपात पाणी सोडत होत्या.

"भाऊ, तुमी लई भोळे हाव. तिच्या नेटचं मी सांगते ना. पाण्याचा दिस आला की हिचं नेट बिघडतंय. बराबर त्याच दिशी! पाणी भरायला नको म्हणून. मी चार महिने झाले बघायलेय. आठ पिंपं मी एकटी भरते, आन् ही आत बसून 'हॅलो हॅलो' करती. पिंपं रिकामी झाली का नेट आपोआप नीट व्हतंय. नाय तर इचारा तिला."

वैशालीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, असं काही नाहीय हो..."

"व्हय का? मंग पाण्याच्याच दिशी कसं?"

आणि मी तसाच बसून राहिलो. पाण्याच्याच दिशी कसं? घरोघर मी सांगत आलोय की लोखंडातून वायफाय जात नाही, जाड भिंतीतून कमी जातं. पाण्यातून तर ते जवळजवळ जातच नाही, पाणी ते पिऊन टाकतं. हे मला माहीत होतं. एका घरात माशांच्या मोठ्या काचेच्या टाकीमागं ठेवलेला राऊटर मीच हलवायला लावला होता. आणि इथं हॉलच्या आणि खोलीच्या मधे, डोक्याच्या वरपर्यंत, पिंपाला पिंप लावून पाण्याची भिंत उभी होती. पाण्याच्या दिवशी ती भरायची, चार-पाच दिवसांत वरची पिंपं रिकामी व्हायची आणि भिंतीत खिंडार पडायचं. मी उशिरा यायचो. म्हणजे नेमका खिंडारातून आत बघून जायचो. वर लोकांना नेट समजावायला पाण्याचं उदाहरण द्यायचो!

मी उठलो. फोनवर वायफायची ताकद मोजायचं ॲप उघडलं. पिंपांच्या अलीकडं उभा राहिलो, सिग्नल भरपूर. आडवा होऊन पलीकडं गेलो, सिग्नल तळाला. खोलीत स्पीड मोजला तर दीड. पुन्हा अलीकडं, पुन्हा पलीकडं. चार वेळा गेलो-आलो. मावशी नळी धरून बघत होत्या.

"काय हुडकायले भाऊ?"

"मावशी, तुमचं पाणी."

"काय झालं पाण्याला?" त्यांनी झटकन पिंपावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी ओतून द्यायला सांगतोय.

"पाण्याला काही झालं नाही. पण ही पिंपं भरली की नेट पलीकडं जात नाही. रिकामी झाली की जातं. तुम्ही जे बघितलंत ते शंभर टक्के बरोबर बघितलंत. चार महिन्यांत हे फक्त तुम्हालाच दिसलं. पण त्यात ताईंचा दोष नाही."

मावशींना 'बरोबर बघितलंत' एवढं पटलं, शेवटचं वाक्य नाही. "नेट काय तहानेलं हाय का, पाणी प्यायला?" म्हणून त्या आत गेल्या.

पिंपं हलवणं शक्य नव्हतं, आठ भरलेली पिंपं कुठं नेणार. मी बॅगेतून वीस मीटर वायर काढली, हॉलमधल्या राऊटरपासून छताच्या कडेनं, पिंपांच्या वरून, मागच्या खोलीत नेली आणि ताईंच्या लॅपटॉपला जोडली. त्र्याण्णव. एकूण काम पंचवीस मिनिटांचं. पंचवीस मिनिटं आणि वीस मीटर वायर. एवढ्यासाठी त्या बाईला चार महिने कंपनीत कामचुकार आणि घरात आळशी ठरवण्यात आलं, आणि ठरवणाऱ्यांत मी पहिला. मला तेव्हा जो राग आला तो आजवर उतरलेला नाही. ॲपचा राग आला, कारण त्यात दोषांची यादी आहे, पण 'तपासणाऱ्यानं बघितलंच नाही' असा रकाना नाही. टायवाल्या पोरांचा आला, रस्ता खोदणाऱ्यांचा आला, रोज न येणाऱ्या पाण्याचा आला. हे सगळे राग मी आणले, कारण त्यातला कुठलाही स्वतःवरच्या रागापेक्षा सोपा होता.

तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मलाही काकाच म्हणतात.

"सर, पुंडलिकनगरच्या ताईंना एक पत्र द्यायचंय. त्यांची तक्रार खरी होती म्हणून."

"काका, ती तीन वेळा बंद झालीय. तुमच्याच आयडीवरून."

"चुकीची बंद केली मी."

"हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. उद्या प्रत्येक जण पत्र मागेल. तुम्ही असं करा, मेल टाका, मी वर पाठवतो. आणि आजची बंद करून टाका आधी, घड्याळ चालू आहे."

मी फोन ठेवला. वैशालीताईंनी विचारलं, "मिळेल ना शुक्रवारपर्यंत?"

"मिळेल ताई. वर पाठवतायत."

त्यांनी न मागता ओटीपी सांगितला. चौथा.

इथं मी थांबून स्वतःला दोन शिव्या देतो, संपादकांनी त्या छापू नयेत. त्या क्षणी माझ्या खिशाला पेन होतं. त्यांच्या टेबलावर वही होती. चार ओळी लिहून खाली नाव, सही, हुद्दा एवढं करायला पाच मिनिटं लागली असती. मी केलं नाही. मी मेल टाकला, साहेबांच्या सहीची वाट बघितली. बुधवारी विचारलं, "वर आहे." गुरुवारी विचारलं, "काका, किती वेळा विचारता?" शुक्रवारी मी विचारलंच नाही. दिवसभर काम काढून काढून केलं आणि पुंडलिकनगरच्या बाजूची एकही तक्रार घेतली नाही.

रविवारी रेखानं विचारलं, "त्या बाईच्या पत्राचं काय झालं?"

"कंपनीनं दिलं नाही."

"आणि तुम्ही?"

"माझ्या पत्राला कोण विचारतंय? ना शिक्का, ना काही."

"त्या तक्रारी बंद करताना शिक्का लागला होता का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईचं शेवटचं वाक्य मला आधी कधी ओळखता आलेलं नाही. मुलीच्या वहीतला कागद फाडला आणि बसलो. नोकरीत इतकी वर्षं काढली की माणसाला सरळ लिहिता येत नाही. तीन कागद वाया घालवून शेवटी एक सुबक पत्र तयार झालं. या पत्रापायी पुढं मला ऑफिसात बोलावून काय ऐकवलं, माझ्या जुन्या बंद तक्रारी कशा पुन्हा उघडल्या, ते सांगत बसत नाही. ते मला ऐकायलाच हवं होतं, फक्त ऐकवणारी माणसं चुकीची होती.

सोमवारी सकाळी गेलो. वैशालीताई हॉलमध्ये होत्या. हेडफोन दिसला नाही. मागच्या खोलीतून आणलेला लॅपटॉप पिशवीत भरून ठेवला होता, भावाला परत द्यायला.

"झालं काका," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी संध्याकाळी मेल आला. आयडी बंद केला त्यांनी माझा."

मी पत्र खिशातून अर्धं काढलं होतं. परत आत ढकलायला लागलो.

"काय आहे ते?"

"काही नाही ताई. उशीर झाला."

"द्या इकडं."

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग मोठ्यानं एक ओळ वाचली, " 'काही तांत्रिक कारणांमुळे ग्राहकास गैरसोय झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' " माझ्याकडं पाहिलं. "काका, हे असं आम्हीही लिहितो. ज्याला काहीच द्यायचं नसतं त्याला."

मी पत्र परत घ्यायला हात पुढं केला.

त्यांनी टीपॉयवर कोरा कागद आणि पेन ठेवलं. "बसा. मी सांगते तसं लिहा. खोटं असेल ते लिहू नका."

मी बसलो. त्या सांगत गेल्या, थांबत, विचारत. "पहिल्यांदा मी तुम्हाला खोलीत या म्हणाले होते का नाही?" "म्हणाला होतात." "मग तसं लिहा." "तुम्ही आलात?" "नाही." "तसं लिहा." त्यांनी एकही विशेषण घालू दिलं नाही. 'खेद' लिहायला गेलो तर म्हणाल्या, "तो तुमच्यापाशी ठेवा." अर्ध्या पानाचं पत्र झालं. खाली मी पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, सही केली.

मावशी बोळातून येऊन मघापासून उभ्या होत्या. पदराला हात पुसत होत्या. काय चाललंय ते त्यांना कळत होतं आणि नव्हतंही.

"ह्या कागदानं घेतील का गं तुला परत?" त्यांनी विचारलं.

"नाही घेणार, आई. माझ्या जागी दुसरी बसवली पण त्यांनी."

"मंग कागद कशाला?"

वैशालीताईंनी शाई वाळावी म्हणून कागद पंख्याखाली धरला होता. वळून बघितलं नाही.

"घरात लागेल," त्या म्हणाल्या.

मावशी माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला. घरी आलेल्या माणसासमोर सुनेचं काही निघावं, हे त्यांना आवडलेलं नव्हतं. पण त्या उठल्याही नाहीत.

"वाच मंग," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. मला बी ऐकू दे."

वैशालीताईंनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि माझ्या अक्षरातली पहिली ओळ वाचली, " 'त्यांनी बोलावूनही मी त्यांच्या खोलीत गेलो नाही.' "